उपवासाचे दळण

मिरजगाव
गुरुवार, दि. १९ फेब्रुवारी २०२६
दुपारी एक वाजून वीस मिनिटे

प्रिय जोसेफदादा,

सलाम. मी गिरणीच्या दारात बसलो आहे. मांडीवर वहीचा पुठ्ठा आहे आणि त्यावर हा कागद. शिवजयंतीची मिरवणूक चौकातून जाणार म्हणून अकरा वाजल्यापासून लाईन बंद ठेवली आहे. वायरमनने साडेतीनची वेळ दिली आहे. म्हणजे मला दोन तास मिळतील, तेवढ्यात हे पत्र व्हायला पाहिजे. आमचे मालक छगनशेठ उद्या सकाळी गिरणीचा पट्टा आणायला नगरला येणार आहेत, ते तुझ्या घरी देतील.

माझी तब्येत चांगली आहे. खोकला गेला. तू, शॅरनवहिनी आणि एंजल खुशाल असाल. एंजलचा पुढचा दात पडला हे वहिनींनी सांगितले. तिला म्हणावे, दाताच्या जागी सारखी जीभ लावू नको.

तू म्हणशील, रोज फोन होतो मग पत्र कशाला. दादा, फोनवर तू इतक्या आनंदाने बोलतोस की मी सगळ्याला हो म्हणतो. पत्रात मला मधे थांबता येते. रविवारी तुमच्या सभेत माझी साक्ष आहे, आणि त्याआधी तुला एक गोष्ट कळली पाहिजे. ती मी या पत्रात लिहिणार आहे. पण तीच पहिल्यांदा लिहायचा धीर होत नाही, म्हणून आधी दुसरी लिहितो.

तू पाठवलेली पत्रके मिळाली. "गिरणीतून गौरवाकडे, बंधू नॅथन यांची साक्ष, रविवार २२ फेब्रुवारी, सकाळी साडेदहा." छपाई स्वच्छ आहे. पांढरा शर्टही मिळाला. मापाला बरोबर आहे असे वाटते, अजून घालून पाहिला नाही.

तू दिलेला "जागृतीची बारा लक्षणे" हा कागद मी गिरणीत कॅलेंडरच्या मागे लावला आहे. चाळीस दिवस मी रोज वहीत नोंद केली. वेळेसकट. तुला खरी वही दाखवायची मला लाज वाटते, पण काही नोंदी उतरवतो.

२० जानेवारी, सकाळी ६.१०. अंगावर काटा आला. (थंडी होती.)
२७ जानेवारी, दुपारी १२.४०. डोळ्यांत कारण नसताना पाणी. (शेजारी कांडपात मिरची चालू होती.)
३ फेब्रुवारी, दिवसभर. अन्नावरची वासना गेली. (आदल्या दिवशी लग्नात जेवलो होतो.)
९ फेब्रुवारी, सायंकाळी ५. कानात गोड नाद. (गिरणी बंद केल्यावर रोजच येतो.)

कंसातले मी दुसऱ्या दिवशी लिहायचो. आदल्या दिवशी कधी सुचायचे नाही.

आता गिरणीतली गोष्ट.

आमच्याकडे बनुबाई नावाची एक म्हातारी येते. सत्तरच्या पुढे असेल. स्टँडच्या मागे एकटी राहते, लोकांच्या वावरात कांदे काढायला, खुरपायला जाते. ती दर सोमवारी उपवास धरते आणि शनिवारी त्याचे दळण आणते, भगर आणि राजगिरा मिळून एक किलो. तिला नॅथन म्हणता येत नाही, ती मला नाथा म्हणते.

उपवासाचे दळण म्हणजे काम असते, दादा. आधी बाजरी किंवा गहू झालेला असला तर दगड उघडून कुंच्याने झाडायचे, पिठाच्या तोंडाची कापडी पिशवी काढून झटकायची, मग त्यांच्याच धान्याची एक मूठ दळून टाकून द्यायची. त्यानंतर खरे दळण. वीस मिनिटे जातात. उपवासाला धान्याचा कण चालत नाही. बनुबाई दर वेळी दारात उभी राहून एकच विचारते, "दगड झाडलं का रे, नाथा?" मी म्हणतो, "व्हय मावशे." मग ती डबा ठेवते आणि बाजारात निघून जाते. बघायला थांबत नाही.

१० जानेवारीला, शनिवारी, तीन वाजून पस्तीस मिनिटांनी ती आली. मी नुकतीच बारा किलो बाजरी काढली होती. मला चारची एसटी धरायची होती, कारण संध्याकाळी सावेडीला तुमच्या हॉलमध्ये जागृती सभा होती आणि दीड वर्षाने तू मला स्वतः फोन करून बोलावले होतेस. तिने विचारले, दगड झाडले का. मी म्हणालो, व्हय मावशे. मी झाडले नव्हते. बाजरीवरच तिचे दळून दिले आणि पळालो.

तुला ही गोष्ट लहान वाटेल. मलाही एसटीत बसल्यावर लहानच वाटली. श्रीगोंद्याच्या फाट्यापर्यंत तशी वाटली. त्याच्या पुढे वाटेना.

त्यानंतर ती दर शनिवारी आली. १७, २४, ३१, ७. दर वेळी तेच विचारले. मी दर वेळी अगदी खरोखर दगड झाडून, दोनदा झाडून, व्हय म्हणालो. पण ती विचारायची तेव्हा माझी मान वर होत नसे.

परवाच्या १४ तारखेला महाशिवरात्रीचा आदला दिवस होता. त्या दिवशी सकाळपासून आम्ही फक्त उपवासाचेच दळतो. मी पहाटे सगळी गिरणी पुसून काढली होती. अकराच्या सुमारास चौदा-पंधरा बाया रांगेत होत्या. गिरणी चालू असली की सगळ्यांना ओरडून बोलावे लागते, त्यामुळे गलका होता. बनुबाई आली, डबा टेकवला आणि ओरडली, "दगड झाडलं का रे, नाथा?"

त्या दिवशी उत्तर खरे होते आणि सोपे होते. तरी ते माझ्या तोंडातून निघेना. मी बटण बंद केले.

गिरणी एकदम थांबली. एक बाई सुनेबद्दल काहीतरी ओरडून सांगत होती, तिचे शेवटचे चार शब्द सगळ्या गावाला ऐकू गेले, आणि तिने तोंडावर पदर घेतला. कोणी हसले.

मी म्हणालो, "मावशे, दहा तारखेला, जानेवारीत, मी दगड झाडलं नव्हतं. बाजरीवर दळलं. तुला खोटं सांगितलं."

बनुबाई म्हणाली, "म्हायती हाय मला."

"कसं?"

"आरं, जलम गेला पीठ मळन्यात. बाजरी हाताला कळती."

"मग त्या सोमवारी तू काय खाल्लंस?"

"काय खानार? गाईला घातलं ते. पानी पिले."

नंतर दुसऱ्या एका बाईकडून कळले की त्या सोमवारी ती संध्याकाळी सहापर्यंत कांदे काढत होती. नुसत्या पाण्यावर.

मी विचारले, "मला बोलली का नाहीस?"

"बोलले आसते तर ह्या छगननं तुला हाकलला आसता."

छगनशेठ काट्याजवळ उभे होते. मला ते पाद्री म्हणतात. ते म्हणाले, "अजून बी हाकलीन. पाद्री, गिऱ्हाइकापुढं पाप सांगायचं आसंल तर आधी मला तरी भाईर जाऊ देत जा की." मग रांगेकडे वळून म्हणाले, "ज्याला दुसऱ्या गिरनीत जायचं त्यानं जावा बाबा, मी आडवत न्हाई."

रांगेतली धनश्री म्हणून एक आहे, तिची जीभ फार चालते. ती म्हणाली, "कुठं जाता? तिकडचा तर सांगत बी न्हाई."

सगळ्या हसल्या. मी हसलो नाही. मला एकच कळत नव्हते. मी बनुबाईला म्हणालो, "मावशे, मी खोटं बोललो हे तुला माहीत होतं. मग पुढच्या शनिवारी तू परत इथंच आलीस. परत तेच विचारलंस. मी व्हय म्हणालो आणि तू डबा ठेवून निघून गेलीस. मी खरं बोलतोय हे तुला कसं कळलं?"

ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मीच काहीतरी वेडेवाकडे विचारले.

"मला कसं कळंल?" ती म्हणाली. "तू म्हनला व्हय, म्हनून व्हय. आन चालू कर आता, बाया उभ्या हायत मागं."

आणि ती डबा ठेवून बाजारात गेली.

दादा, पुढचे मला नीट लिहिता येईल की नाही माहीत नाही. मी दहावी नापास माणूस आहे आणि तुमच्या सभेत बोलतात तशी भाषा मला येत नाही. जसे होते तसे लिहितो.

गिरणी बंद झाली तरी पीठ लगेच खाली बसत नाही. ते हवेत राहते. आमच्या छताला एक प्लास्टिकचा पत्रा आहे, त्यातून ऊन येते. त्या उन्हात पीठ उभे होते, पडत नव्हते आणि चढतही नव्हते. बायांच्या पापण्यांवर, केसांवर पीठ होते. खाली रांगेने डबे होते. डब्यांवर नावे रंगवलेली असतात हे तुला ठाऊक आहे. मी एक एक नाव वाचत गेलो. आणि मला कळले की यांतली एकही बाई दळण होईपर्यंत माझ्याकडे बघत बसत नाही. रोज तीस-चाळीस डबे येतात. घरातले सगळे जे खाणार ते माझ्या हातात देऊन लोक निघून जातात. कोणी पावती मागत नाही. सहा वर्षे मी त्यांच्या मधोमध उभा आहे आणि कुलूप लागले की नाही ते तीनदा बघतो.

माझे हात थांबले. भीती वाटली, पण पळून जावे अशी नव्हती. तिथे कोणीतरी आहे असे वाटले. कुठे आहे असे मी पाहिले नाही, कारण ते एका जागी नव्हते. हे वाक्य मी तीनदा खोडून परत लिहिले आहे. त्या डब्यांमध्ये होते, त्या बायांमध्ये होते, बनुबाई गेली त्या रिकाम्या दारात तर होतेच होते. मला वाटले की गुडघे टेकावेत, पण जमिनीवर जागा नव्हती, सगळीकडे डबे होते. म्हणून मी उभाच राहिलो. आणि उभे राहणे चालेल असे मला वाटले.

किती वेळ गेला सांगता येत नाही. मी वेळ पाहिली नाही. दादा, मी वेळ पाहिली नाही हे तू लक्षात घे.

मग छगनशेठ म्हणाले, "पाद्री, लाईटबिल मी भरतो, बटन तू दाब." मी दाबले.

त्या रात्री जेवताना मी तुझा बारा लक्षणांचा कागद समोर ठेवला आणि खूण करायला पेन घेतले. अंगात उष्णता, नाही. थरथर, नाही. अश्रू, नाही. अन्नावरची वासना जाणे, तर मी चार भाकरी खाल्ल्या होत्या. एकाही ओळीपुढे खूण करता आली नाही. मी पेन खाली ठेवले आणि मला अजिबात वाईट वाटले नाही. सकाळी उठल्यावर आठवले की गिरणीचे कुलूप मी एकदाच ओढून पाहिले होते.

तेव्हापासून पाच दिवस झाले. रोज तसे होत नाही. काल भस्म बुधवार होता, मी आपल्या जुन्या चर्चच्या मंडळीत गेलो, नेहमीसारखाच बाकावर बसलो, नेहमीसारखीच पाठ दुखली. पण कोणी डबा ठेवून गेले की मला ते समजते. माझे हात त्या धान्याला हळू लागतात. मंगळवारी एका माणसाने पैसे उधार ठेवले आणि जाताना म्हणाला, लिहून ठेव. मी वही उघडली आणि त्याचे नाव लिहिता लिहिता मला परत तसेच झाले, थोडे. नाव लिहायला मला इतका वेळ कधी लागला नव्हता.

तू विचारशील की ती बाई आपल्यातली नाही, मग हे तिच्यातून कसे. मला वाद घालता येणार नाही. मला एवढेच माहीत आहे की पप्पा असते तर त्यांनी तिला खुर्ची दिली असती.

लाईट आली. दळणे चालू करतो. उरलेले नंतर.

सायंकाळी पाच वाजून पाच मिनिटे.

सहा दळणे केली. हात धुऊन बसलो आहे. आता जे लिहायचे होते ते लिहितो, आणि हा कागद परत वाचणार नाही, नाहीतर पाठवणार नाही.

दादा, दहा जानेवारीला हॉलमध्ये मी पडलो नाही. मी आडवा झालो.

आत्मा उतरला की माणूस पडतो असे तुम्ही म्हणता, पण पास्टरसाहेबांनी माझ्या कपाळावर हात ठेवला तेव्हा मला काहीही झाले नाही. मी डोळे किलकिले करून पाहिले. डावीकडचा माणूस पडला होता, उजवीकडची बाई पडली होती. समोर तू उभा होतास. तुझे ओठ हलत होते. गेल्या वर्षी त्याच हॉलमध्ये तुला सगळ्यांसमोर सांगितले होते की ज्याचा सख्खा भाऊ अजून जुन्या मंडळीत झोपलेला आहे त्याला सेवेला कसे नेमायचे. तेव्हा तू मान खाली घातली होतीस. मी मागच्या रांगेत होतो, तुला माहीत नाही. पप्पा गेल्यावर तू जुनी मंडळी सोडलीस आणि मी सोडली नाही, यावरून आपण भांडलो होतो, तरी मी आलो होतो. आणि न भेटता परत गेलो होतो.

म्हणून मी गुडघे सैल सोडले. आधी मागे फरशी कुठे आहे ते पाहून घेतले होते. पण माझे डोके फरशीला लागलेच नाही, कारण तू धावत येऊन खाली हात घातलास. मी डोळे मिटून पडलो होतो आणि तुझा हात माझ्या डोक्याखाली होता. तू रडत होतास. माझ्या कानात म्हणालास, "नत्या, आलास रे." पप्पांच्या दफनानंतर तू मला पहिल्यांदा नत्या म्हणालास. मी डोळे उघडू शकलो नाही. उघडले असते तर सांगावे लागले असते.

तेव्हापासून तू रोज फोन करतोस. जेवलास का विचारतोस. मला ते गमवायचे नव्हते. म्हणून मी वहीत लक्षणे शोधत होतो. एक जरी खरे सापडले असते तर पडणे मागाहून खरे झाले असते, असे मला वाटत होते.

रविवारी साक्ष झाल्यावर तुझी सेवेला नेमणूक आहे हे मला ठाऊक आहे. पत्रके भिंगारपर्यंत वाटली गेली हेही ठाऊक आहे. तू लिहून दिलेली साक्ष, ज्यात अग्नी उतरतो, ती मी पाठ केली आहे. ती मला म्हणता येईल. पाच दिवसांपूर्वीपर्यंत मी म्हटलीही असती. पण आता माझ्याजवळ खरे काहीतरी आहे, फार थोडे आहे, आणि ती साक्ष म्हटली की ते माझ्याजवळ राहणार नाही एवढे मला पक्के कळते.

मी रविवारी येणार आहे. सव्वादहाला हॉलच्या बाहेर पायऱ्यांजवळ उभा असेन. तू आत बोलावलेस तर मी उभा राहीन आणि बाजरीवर दळलेल्या दळणापासून सांगेन, आणि पडण्याचेही सांगेन. त्यात तुझा दोष नव्हता हे पहिल्यांदा सांगेन. तू बोलावले नाहीस तर मी तिथूनच परत जाईन, आणि तुझ्याबद्दल माझ्या मनात काहीही येणार नाही. नेमणूक गेली तर ती माझ्यामुळे गेली असे वहिनींना स्पष्ट सांग.

मला तुला एक विचारायचे होते. जुनी मंडळी सोडलीस त्या वर्षी तू पहिल्यांदा पडलास, तेव्हा तुला काय झाले होते? मी परीक्षा म्हणून विचारत नाही. तुला खरे झाले असेल असेच मला वाटते. मला फक्त ते ऐकायचे आहे, सावकाश, तू आणि मी असताना. आपण कधी बोललो नाही.

एंजलला पापा.

तुझा धाकटा भाऊ, ज्याचे डोके तू फरशीला लागू दिले नाहीस,
नॅथन

हिशेब, आजपर्यंतचा:

एसटी, मिरजगाव ते नगर जाऊन-येऊन, पाच वेळा: रु. ९५०
हॉलमध्ये अर्पण: रु. २५०
भगर व राजगिरा, एक किलो, बनुबाईला नेऊन दिले: रु. १७०. तिने हातात तोलून पाहिले आणि म्हणाली, "मग दळून दे की." दळून दिले. दळणाचे दहा रुपये मी घेत नव्हतो, ती काट्यावर ठेवून गेली.

तुझे देणे:
पत्रके, तीनशे, छपाई: रु. ९००
पांढरा शर्ट: वहिनींना किंमत विचारली, त्या सांगत नाहीत. रु. ६०० धरतो.
एकूण: रु. १,५००
पैकी या पाकिटात: रु. ५००
बाकी: रु. १,०००, दहा मार्चपर्यंत, तू माझ्या हातून घेतलेस तर.